स्वस्त बंदूक : किंमत, दर्जा आणि भरवसा

अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मागणीची वक्ररेषा काढताना आपण एक गोष्ट गृहीत धरतो. बाजारातील सगळे नग सारखेच आहेत, ग्राहकाने फक्त किंमत पाहायची आहे. बाजारहाट करणाऱ्या कोणत्याही गृहिणीला हे गृहीत पटणार नाही. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका लहानशा निबंधात नेमके हेच गृहीत तपासले. जुन्या मोटारींच्या बाजारात विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. त्यामुळे घेणारा सरासरी किंमतच देऊ करतो. चांगली गाडी असलेल्याला ती परवडत नाही आणि तो बाजारातून निघून जातो. मागे उरतो तो वाईट माल. भारतातील सावकारी आणि बाजारच्या तांदळातील खडे यांचाही उल्लेख त्या निबंधात आहे. या कामासाठी त्यांना २००१ साली दोन सहकाऱ्यांसह नोबेल पारितोषिक मिळाले.

हा सिद्धांत वर्गात शिकवताना मी मोटारीचे आणि तांदळाचे उदाहरण देतो. परंतु दर्जाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो बंदुकीच्या बाबतीत, असे मला वाटते. माझा स्वतःचा बंदुकीशी आलेला संबंध एन. सी. सी.च्या रायफलीपुरताच आहे. तेव्हा हा लेख शस्त्रांच्या जाणकाराचा नव्हे, अर्थशास्त्राच्या शिक्षकाचा आहे. स्वस्त बंदुकीत नेमके काय वाचवलेले असते, आणि त्या बचतीची किंमत शेवटी कोण मोजतो, एवढाच प्रश्न मी येथे घेतला आहे.

बंदुकीचा दर्जा म्हणजे काय ?

बंदूक घेणाऱ्याच्या तीन अपेक्षा असतात. ती हातात फुटू नये आणि चाप न ओढता आपोआप सुटू नये, ही पहिली. चाप ओढल्यावर ती खात्रीने उडावी, ही दुसरी. वर्षानुवर्षे वापरल्यावरही या दोन्ही गोष्टी तशाच राहाव्यात, ही तिसरी. नेम अचूक लागणे, हाताला हलकी वाटणे, दिसायला सुबक असणे हे गुण यांच्या मागून येतात.

अडचण अशी की, यांपैकी पहिल्या तीन अपेक्षा दुकानात तपासता येत नाहीत. लाकडी दस्त्याचे पॉलिश डोळ्यांना दिसते, नळीच्या लोखंडातील बारीक चीर दिसत नाही. तांदळातले खडे निदान घरी आणल्यावर निवडता येतात. बंदुकीतला खडा कळतो तो ती फुटल्यावर, किंवा ऐन वेळी अडकल्यावर. म्हणून किंमत उतरवू पाहणारा कारखानदार जेथे ग्राहकाची नजर पोहोचत नाही तेथेच, म्हणजे धातूत, जुळणीच्या कामात आणि तपासणीत हात आखडता घेतो. हा मोह फार जुना आहे.

बर्मिंगहॅमचा माल आणि आफ्रिकेचे गिऱ्हाईक

अठराव्या शतकात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम हे बंदुकांच्या धंद्याचे मोठे केंद्र होते. तेथे काम लहान लहान कारागिरांत वाटलेले असे. कोणी नळ्या करी, कोणी चापाची यंत्रणा, कोणी दस्ते, आणि शेवटी कोणी जुळणी करी. एकाच गावात राजाच्या फौजेसाठी उत्तम बंदुका होत आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाठवण्यासाठी अगदी हलक्या बंदुकाही होत. आफ्रिकेत या बंदुका गुलामांच्या बदल्यात दिल्या जात. इतिहासकार जोसेफ इनिकोरी यांनी १७५० ते १८०७ या काळासाठी पश्चिम आफ्रिकेत आयात झालेल्या बंदुकांचा अंदाज बांधला आहे. तो दरवर्षी सुमारे २,८३,००० ते ३,९४,००० इतका भरतो.

या मालाच्या दर्जाबद्दल त्या काळातच इंग्लंडमध्ये बोलले जात होते. लॉर्ड शेलबर्न यांनी १७६०च्या दशकात बर्मिंगहॅम पाहिल्यावर लिहून ठेवले की, आफ्रिकेला जाणाऱ्या बंदुकांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्यांदा उडवणाऱ्याच्या हातातच फुटतील अशा आहेत. हे प्रमाण अक्षरशः घेण्याचे कारण नाही. आफ्रिकेतील व्यापारीही डोळे मिटून माल घेत नव्हते. ते नगांची पारख करीत आणि नापसंत माल नाकारीत. पण पारख करायची ती बाहेरूनच. नळीच्या आत काय आहे ते त्यांनाही दिसत नव्हते.

येथे अ‍ॅकरलॉफची गाडी जशीच्या तशी उभी राहते. फरक एवढाच की, फसलेल्या ग्राहकाला तक्रार करायला जागा नव्हती. कारागीर बर्मिंगहॅमला, जहाजाचा मालक लिव्हरपूलला आणि बोट उडालेला माणूस गिनीच्या किनाऱ्यावर. बनवणारा आणि भोगणारा यांत समुद्राचे अंतर असले की, हलका माल बनवण्यात तोटा उरत नाही. आणि त्या बंदुकीच्या बदल्यात ज्यांना जहाजात कोंबले गेले, त्यांना तर या सौद्यात ग्राहक म्हणूनही स्थान नव्हते.

कसोटीचा शिक्का

या दुखण्यावर युरोपने शोधलेला उपाय मला फार महत्त्वाचा वाटतो. नव्या नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती एका बंदिस्त जागी उडवायची. टिकली तर तिच्यावर शिक्का मारायचा, फुटली तर ती कोणाच्या हातात जाण्याचा प्रश्नच उरत नाही. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ साली सनद मिळाली आणि पुढे ही कसोटी त्यांच्याकडे आली. बर्मिंगहॅममध्ये १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्वतंत्र प्रूफ हाउस, म्हणजे कसोटीघर, उभे राहिले.

या १८१३ च्या कायद्याची मागणी खुद्द बर्मिंगहॅमच्या बंदूकवाल्यांनीच केली होती. व्यापाऱ्यांनी आपण होऊन तपासणी का मागावी ? कारण सोपे आहे. शिक्का नसता तर चांगल्या कारागिराचा मालही हलक्या मालाच्या भावात मोजला गेला असता. शिक्क्यामुळे नळीच्या आतली गोष्ट बाहेर दिसू लागली. सोन्यावरील हॉलमार्क, तुपावरील अ‍ॅगमार्क, इस्त्रीवरील आय. एस. आय. हे शिक्के याच कुळातले आहेत. ग्राहकाला धातुशास्त्र शिकावे लागत नाही, शिक्का ओळखता आला की पुरे.

मात्र शिक्का सांगतो तो नळी फुटणार नाही एवढेच. बंदूक अडकणार नाही, जमिनीवर पडली तर आपोआप सुटणार नाही, याची हमी त्यात नाही. ही त्रुटी पुढे दीडशे वर्षांनी अमेरिकेत जाणवली. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

मुंगेर आणि आग्रा

स्वस्त म्हणजे वाईट, असा निष्कर्ष कोणी काढील म्हणून त्याच अठराव्या शतकातील आपल्याकडची दोन उदाहरणे देतो. बंगालचा नवाब मीर कासीम याने १७६२ च्या सुमारास आपली राजधानी बिहारमधील मुंगेरला नेली आणि तेथे बंदुकांचा कारखाना काढला. त्या बंदुका इंग्रजांनी आपल्या बंदुकांशी ताडून पाहिल्या, तेव्हा मुंगेरच्या सरस ठरल्या अशी नोंद आहे.

दुसरे उदाहरण मराठेशाहीचे आहे. महादजी शिंद्यांच्या पदरी असलेल्या द ब्वाञ याच्या कवायती पलटणींसाठी आग्र्याला शस्त्रांचा कारखाना होता. तो सँगस्टर नावाचा स्कॉटिश माणूस चालवी. तेथे दहा रुपयांना एक या दराने बंदुका तयार होत आणि त्या विलायती बंदुकांच्या तोडीच्या असत, असे इंग्रज लेखकांनीच लिहून ठेवले आहे. ही स्वस्ताई कारागिरीला कात्री लावून आलेली नव्हती. मजुरी कमी होती, समुद्रापारचे भाडे नव्हते आणि मधल्या दलालाचा नफा वाचला होता. शिवाय बनवणारा आणि वापरणारा एकाच धन्याचे चाकर होते. बंदूक फुटली तर सँगस्टरला जाब द्यावा लागला असता.

मुंगेरची कारागिरी अद्याप संपलेली नाही. तेथे परवान्याचे कारखाने आहेत, आणि चोरून बनणाऱ्या गावठी कट्ट्यांसाठीही त्या भागाचे नाव वर्तमानपत्रांत येत असते. बंदुकीवर बनवणाऱ्याचे नाव व क्रमांक हवा, त्याशिवाय ती विकता येत नाही, असे आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्याचे आठवे कलम सांगते. कट्ट्यावर यांतले काहीच नसते. हात कदाचित तेच असतील, परंतु नाव लपवणाऱ्याला अब्रू सांभाळण्याचे कारण उरत नाही.

अडीच पौंडांची स्टेनगन

आता विसाव्या शतकाकडे येऊ. १९४० साली डंकर्कहून माघार घेताना ब्रिटिश सैन्याने आपली बहुतेक अवजड सामग्री फ्रान्समध्येच टाकली. देशावर स्वारी होण्याची भीती होती. अमेरिकेची थॉम्सन मशीनगन उत्तम होती, परंतु तिची किंमत २०० डॉलरांच्या घरात, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ५० पौंड. तेव्हा एनफिल्ड येथील सरकारी कारखान्यात शेफर्ड आणि टर्पिन या दोघांनी १९४१ साली एक नवे हत्यार आखले. दोघांच्या नावांची आद्याक्षरे आणि एनफिल्डची पहिली दोन अक्षरे मिळून ‘स्टेन’ हे नाव झाले.

स्टेनगन म्हणजे पत्रा, नळ्या आणि वेल्डिंग. कातकाम शक्य तितके कमी. तिच्या दुसऱ्या नमुन्यात पन्नासापेक्षाही कमी भाग होते आणि ती सुमारे अडीच पौंडांत तयार होई. एका थॉम्सनच्या पैशात जवळजवळ वीस स्टेन ! सुटे भाग लहानसहान कारखान्यांतून करून घेता येत. तिसरा नमुना तर लाइन्स ब्रदर्स या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने केला. एकूण चाळीस लाखांच्या आसपास स्टेनगन तयार झाल्या.

या स्वस्ताईची किंमत सैनिकांनी मोजली. सर्वांत मोठी खोड मॅगझिनमध्ये होती. त्यात दोन रांगांनी भरलेली काडतुसे वरच्या टोकाला एका रांगेत येत आणि तेथेच अडकत. पत्र्याची कड किंचित वाकली तरी गाडी अडली. म्हणून ३२ काडतुसांच्या मॅगझिनमध्ये जाणते सैनिक २८ ते ३० च भरीत. दुसरी खोड अधिक धोक्याची होती. भरलेली स्टेन दस्त्यावर आपटली तर आतील बोल्ट धक्क्याने मागे जाऊन पुढे येई आणि गोळी सुटे. सैनिकांनी तिला ‘नळ-दुरुस्तीवाल्याचे दुःस्वप्न’ अशा अर्थाचे नाव ठेवले होते.

२७ मे १९४२ रोजी प्राग शहरात याचा कठोर दाखला मिळाला. नाझी अधिकारी हायड्रिखच्या मोटारीसमोर योझेफ गाबचिक हा स्लोव्हाक सैनिक स्टेनगन घेऊन उभा राहिला, चाप ओढला, आणि बंदूक उडालीच नाही. त्याचा साथीदार यान कुबिश याने बाँब फेकला म्हणून ती कामगिरी फसता फसता वाचली. हायड्रिख जखमांनी ४ जूनला मेला.

मग स्टेनगन हा वाईट सौदा होता काय ? मला तसे वाटत नाही. येथे सौद्याच्या दोन्ही बाजू उघड होत्या. सरकारला ठाऊक होते की आपण हलके हत्यार घेत आहोत, आणि पर्याय चांगल्या हत्याराचा नसून रिकाम्या हातांचा आहे. दोष कळत गेले तसे नमुनेही बदलले. १९४४ चा पाचवा नमुना लाकडी दस्त्याचा आणि पुष्कळ सुबक होता. १९५३ पासून स्टर्लिंगने तिची जागा घ्यायला सुरुवात केली. निकड संपली तशी तडजोडही संपली.

याच तर्काचे दुसरे टोक म्हणजे अमेरिकेचे लिबरेटर पिस्तूल. १९४२ च्या उन्हाळ्यात जनरल मोटर्सच्या दिवे बनवणाऱ्या विभागाने सुमारे अकरा आठवड्यांत अशी दहा लाख पिस्तुले केली. किंमत प्रत्येकी २ डॉलर १० सेंट. हिशेब केला तर रात्रंदिवस काम धरून सात सेकंदांच्या आत एक पिस्तूल पडते. ते एका वेळी एकच गोळी उडवी आणि नेम काही हातांपलीकडे लागत नसे. शत्रूच्या ताब्यातील देशांत ते गुप्तपणे वाटायचे, एका गोळीत शत्रूची चांगली बंदूक मिळवायची आणि हे टाकून द्यायचे, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात थोडीच वाटली गेली. टिकाऊपणा येथे मुळात अपेक्षितच नव्हता. कामाची व्याख्या एवढी आखूड केली की, दोन डॉलरांचे पिस्तूलही त्या व्याख्येत बसते.

जस्ताची पिस्तुले

युद्धकाळातील ही तडजोड शांततेच्या काळात सामान्य ग्राहकाच्या दुकानात आली म्हणजे काय होते, ते अमेरिकेत दिसते. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येत वापरलेली इटालियन रायफल टपालाने मागवलेली होती. दुर्बिणीसह तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट होती. ती स्वस्त होती, कारण ती जुन्या लष्करी साठ्यातील होती. युद्ध संपल्यावर जगभरच्या रायफली अशाच मातीमोल भावाने विकल्या गेल्या. येथे किंमत उतरली ती माल जुना झाल्याने, कारागिरी उतरल्याने नव्हे. हा भेद ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

१९६८ च्या कायद्याने टपालाची विक्री थांबवली आणि खेळाच्या वा शिकारीच्या उपयोगाची नसलेली लहान, हलकी पिस्तुले परदेशांतून आणण्यास मनाई केली. पण देशातल्या देशात तसलीच पिस्तुले बनवण्यास मनाई नव्हती. रोहम या जर्मन कंपनीची रिव्हॉल्व्हरे मायामीत जुळवली जाऊ लागली. त्यांतीलच एकाने १९८१ साली रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. १९७० साली दक्षिण कॅलिफोर्नियात जॉर्ज जेनिंग्ज यांनी रेव्हन आर्म्स ही कंपनी काढली. पुढे त्यांच्या आप्तांच्या आणि ओळखीच्यांच्या आणखी कंपन्या निघाल्या. डॉ. गॅरेन विंटेम्यूट यांनी १९९४ साली या कंपन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९९२ साली अमेरिकेत बनलेल्या पिस्तुलांपैकी सुमारे एक तृतीयांश त्यांचीच होती.

ही पिस्तुले शंभर डॉलरांच्या आत मिळत, कारण त्यांचा सांगाडा पोलादाऐवजी जस्ताच्या मिश्रधातूचा ओतीव असे. हा धातू साधारण ३९० अंश सेल्सिअसच्या आत वितळतो, म्हणून साच्यात ओतणे सोपे. पोलाद कातायला लागणारा वेळ आणि मजुरी वाचते. पण तो लवकर झिजतो आणि धक्क्याने तडकू शकतो. इलिनॉय, साउथ कॅरोलायना अशा काही राज्यांनी तर ८०० अंश फॅरनहाइटच्या आत वितळणाऱ्या धातूच्या पिस्तुलांवरच बंदी घातली.

मला मात्र धातूला दोष देणे पुरेसे वाटत नाही. ओहायोतील हाय-पॉइंट कंपनीही जस्ताचाच मिश्रधातू वापरते. तो कमी मजबूत आहे हे ओळखून तिने पिस्तुलाचा वरचा सरकता भाग चांगला जाडजूड केला. पिस्तूल जड, बोजड आणि कुरूप झाले, आणि त्याची थट्टाही पुष्कळ होते. पण ते काम देते आणि कंपनी आयुष्यभराच्या दुरुस्तीची हमी देते. येथे ग्राहकाने काय सोडले ते हातात घेताच कळते, वजन आणि रूप. सुरक्षितता सोडलेली नाही.

याच्या उलट उदाहरण ब्रायको कंपनीच्या एका पिस्तुलाचे आहे. त्यातील गोळी बाहेर काढायची तर सुरक्षा-कळ आधी उघडावी लागे, म्हणजे धोका टाळण्याच्या क्षणीच धोका पत्करावा लागे. १९९४ साली कॅलिफोर्नियात एका घरी असेच पिस्तूल रिकामे करताना गोळी सुटली आणि सात वर्षांच्या मुलाचे शरीर मानेखाली लुळे पडले. पिस्तूल अडकण्याची तक्रार झाकण्यासाठी ही रचना केली गेली, असे खटल्यात मांडण्यात आले. २००३ साली ज्यूरीने कोट्यवधी डॉलरांची भरपाई ठरवली आणि कंपनीने दिवाळे काढले. काही डॉलरांची बचत केली कारखानदाराने, आणि तिची किंमत मोजली त्या पिस्तुलाच्या खरेदीशी काडीचाही संबंध नसलेल्या मुलाने.

यापूर्वी कोणी अडवले का नाही, असा प्रश्न साहजिकच येतो. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी आयोग नेमला गेला, परंतु बंदुका त्याच्या कक्षेबाहेर ठेवल्या गेल्या. खेळण्यातल्या पिस्तुलाची तपासणी होते, खऱ्याची होत नाही, असा हा प्रकार आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९९९ साली स्वतंत्र कायदा केला आणि तो २००१ पासून अमलात आला. नव्या पिस्तुलाच्या नमुन्यातून ६०० गोळ्या उडवायच्या, त्यात सहापेक्षा जास्त वेळा ते अडकता कामा नये, आणि सुमारे एक मीटर उंचीवरून पडले तरी सुटता कामा नये. १८१३ च्या कसोटीघराने नळी तपासली. उरलेले पिस्तूल तपासायला आणखी १८८ वर्षे लागली !

गरिबाचा प्रश्न

एक आक्षेप येथे प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. स्वस्त पिस्तुलांवर बंदी घातली की महाग पिस्तुलेच उरतात. मग धोक्याच्या वस्तीत राहणाऱ्या गरिबाने स्वसंरक्षण कसे करावे ? श्रीमंताला हक्क आणि गरिबाला उपदेश, असे होणार नाही काय ? अमेरिकेत हा आक्षेप वजनदार मानला जातो, आणि तेथील वर्णभेदाचा इतिहास पाहता तो झटकून टाकण्यासारखा नाही.

माझे मत असे की, या आक्षेपातच त्याचे उत्तर आहे. गरिबाला खरोखर संरक्षण हवे असेल, तर अडकणारे किंवा आपोआप सुटणारे पिस्तूल त्याला काय कामाचे ? ते चोरापेक्षा त्याच्या स्वतःच्या मुलांनाच अधिक धोक्याचे. म्हणून कायद्याने किंमत किंवा धातू पाहू नये, कसोटी पाहावी. कसोटीला उतरणारे स्वस्त पिस्तूल विकले जावे आणि न उतरणारे महागडेही विकले जाऊ नये. आमच्या देशात मुळात परवान्याशिवाय बंदूक मिळत नाही, तेव्हा हा वाद आपल्यापुढे त्या रूपात येत नाही. बंदुका घरोघरी असाव्यात की नाही, हा निराळा व मोठा प्रश्न आहे, आणि तो या लेखाचा विषय नाही.

तात्पर्य

आग्र्याची दहा रुपयांची बंदूक, गिनीच्या किनाऱ्यावरची बंदूक, स्टेनगन आणि जस्ताचे पिस्तूल ही चारही स्वस्तच. मी जे विवेचन केले त्यावरून असे दिसेल की, चांगला आणि वाईट सौदा किंमतीवरून ओळखता येत नाही. काय वाचवले ते घेणाऱ्याला माहीत आहे काय, बनवणाऱ्याचे नाव मालावर आहे काय, तिऱ्हाइताने तो तपासला आहे काय, आणि दोष निघाल्यास भोगणारा कोण, हे पाहावे लागते. स्टेनगनच्या बाबतीत पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ होते. गिनीच्या बाबतीत एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नव्हते.

आपल्यापैकी बहुतेकांना आयुष्यात बंदूक विकत घ्यावी लागणार नाही. परंतु गॅसची नळी, विजेची शेगडी, स्कूटरचे ब्रेक आणि तान्ह्या मुलाचे औषध आपण घेणारच आहोत. तेथेही आतले काही दिसत नाही, आणि तेथेही दोष कळतो तो उशिराच. विद्यार्थ्यांनी मागणी-पुरवठ्याची आकृती जरूर काढावी. ती काढताना किंमतीच्या रेषेवर न दिसणारा जो चौथा इसम आहे, ज्याने काही विकले नाही आणि काही घेतलेही नाही, त्याची आठवण ठेवावी, इतकीच माझी सूचना आहे.